बिनशेंडीची गाडी

खाणीत सगळे त्यांना मास्तर म्हणत. शाळेत त्यांनी कधी शिकवलं नव्हतं, शिकले होते तेही जेमतेमच. पण अँब्युलन्सच्या या ड्रायव्हरला नियम सांगायची अशी खोड होती, की चहाचा पहिला घोट घेणाऱ्यालाही ते हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली किती बोटं सैल असावा ते सांगत. लोक समोर मान डोलवायचे आणि पाठ वळली की हसायचे. मास्तरांना ते ठाऊक होतं. हसा लेको, पण पट्टा बांधा, असं त्यांचं म्हणणं.

त्यांची गाडी मात्र कौतुक करण्यासारखीच होती. शहरातल्या अँब्युलन्ससारखी नाजूक बाई नव्हे. चारही चाकांना जोर, पोट जमिनीपासून मांडीइतकं वर, पुढे अडकलेली गाडी ओढायला पोलादी तारेची गुंडाळी, आत दोन ऑक्सिजनच्या टाक्या, विषारी वायू आला की चिवचिवणारी डबी, आणि खड्ड्यांतून जाताना रोग्याची हाडं खिळखिळी होऊ नयेत म्हणून स्प्रिंगांवर बसवलेलं स्ट्रेचर. छतावर सामान बांधायला कठडा आणि मागे शिडी. इथून मोठं इस्पितळ तीन तासांवर. तीन तास रोग्याला धरून ठेवायचं तर गाडी अशीच लागते.

आणि या गाडीला होती शेंडी. शेंडी म्हणजे दोन पुरुष उंचीची लवचीक काठी, टोकाला लाल झेंडा आणि दिवा. दोन तुकडे पिळून जोडायचे आणि बुंधा बंपरवरच्या आट्यांत फिरवून बसवायचा. खाणीत उतरणाऱ्या प्रत्येक लहान गाडीला ती लागतेच, कारण उघड्या खाणीतला डंपर हे दुमजली घर असतं आणि ड्रायव्हर बसतो वरच्या मजल्यावर. त्याच्या पुढ्यातली पंधरा पावलं जमीन त्याला दिसतच नाही. तिथे कोण उभं आहे ते त्याला फक्त शेंडीवरून कळतं. सायरनचा उपयोग नाही. इंजिनाच्या घरघरीत बंद काचेआड तो कुणाला ऐकू येणार?

नऊ वर्षांपूर्वी एक जीप शेंडीवाचून खाली उतरली होती. तिच्यावरून डंपर गेला. डंपरवाल्याला एक खड्डा लागल्यासारखं वाटलं एवढंच. तो वर गेला, माल ओतला आणि डबा उघडून जेवला. जीपमधल्या दोघांना बाहेर काढलं मास्तरांनी. त्या दिवसापासून त्यांच्या तोंडी नियमांची पोथी आली, हे हसणाऱ्यांपैकी निम्म्यांना माहीतच नव्हतं.

आता त्यांच्याच हातून काय झालं ते ऐका. अँब्युलन्सच्या शेडचं शटर बुटकं. गाडी आत घ्यायची तर शेंडी उतरवावी लागे. उतरवलेली शेंडी मास्तर ड्रायव्हरच्या दारासमोर आडवी ठेवत, म्हणजे ती उचलल्याशिवाय कुणाला गाडीत चढताच येऊ नये. स्वतः शोधलेली युक्ती, आणि तिचा त्यांना गर्व. पण त्या दिवशी दुपारी त्यांनी गाडी धुतली होती, फरशीवर चिखल झाला होता. झेंडा मळू नये म्हणून शेंडीचे दोन्ही तुकडे त्यांनी आत स्ट्रेचरखाली सरकवले. फरशी वाळेपर्यंत, एवढंच.

फरशी वाळायच्या आत रेडिओ खरखरला.

कंट्रोल रूममधली बाई एरवी बातम्या वाचल्यासारखी बोलायची. आज तिचा आवाज चिरकला. "अँब्युलन्स, तळाशी मोठ्या पोकलेनजवळ. तेलाचा होज फुटून फिटर जखमी. रक्त फार जातंय. मास्तर..." ती थांबली. "मास्तर, तुमचा धाकटा आहे."

धाकटा त्यांच्याहून बारा वर्षांनी लहान. त्याला सायकल शिकवली त्यांनी आणि खाणीत चिकटवलाही त्यांनीच. गाडीवरच्या सिस्टर पाठीमागून उडी मारून आत बसल्या ते दार आपटल्यावरूनच त्यांना कळलं. गाडी निघाली.

फाटकावर प्रत्येक लहान गाडी अडवून तपासायचा नियम होता. शेंडी, दिवा, रेडिओ. एक गाडी सोडून. दोन वर्षांपूर्वी फाटकवाल्याने अँब्युलन्सलाही थांबवून शेंडी बघत अर्धं मिनिट घालवलं होतं, तेव्हा मास्तरांनी थेट साहेबांच्या टेबलावर हात आपटला होता. माणूस मरत असताना तुम्ही झेंडे कसले मोजता? साहेबांनी हुकूम काढला, अँब्युलन्सला अडवायचं नाही. तो कागद फाटकवाल्याच्या खोलीत भिंतीला डकवलेला होता. आज सायरन ऐकताच फाटकवाल्याने लांबूनच दांडी वर केली, सलाम केला आणि धूळ उडेल म्हणून तोंड फिरवलं.

उतरताना काहीच झालं नाही. जेवणाची सुट्टी होती, सगळे डंपर वर-खाली आपापल्या जागी उभे होते. रस्ता मोकळा म्हणून मास्तरांनी देवाचे आभारही मानले.

तळाशी धाकटा चिखलात आडवा होता. होजवरून तेलाच्या दाबाने सुटलेली लोखंडी पकड त्याच्या जांघेत घुसली होती. सिस्टरनी एका नजरेत ओळखलं, रक्त थांबवायला पट्टा बांधता येईल अशी ही जागा नव्हे. त्यांनी दोन्ही मुठी जखमेवर रोवल्या आणि सगळं अंग वर टाकलं.

"काका, मी हात काढणार नाही," त्या म्हणाल्या. "हात काढला की संपलं. तुम्ही फक्त गाडी चालवा."

पोकलेनवाला स्ट्रेचरबरोबर आत चढत होता. मास्तरांनी त्याला खाली उतरवलं. "रोगी आणि सिस्टर. तिसरा माणूस नाही. अँब्युलन्स आहे ही, जत्रा नाही!" नियमच होता तसा. दार लावलं, आणि त्याच वेळी सुट्टी संपल्याचा भोंगा झाला. अकरा इंजिनं एकामागून एक जागी झाली.

खाणीतून वर यायला सात वळणं. भरलेले डंपर चढतात, रिकामे उतरतात, आणि मधे जी धूळ उठते ती भर दुपारीही समोरचं दिसू देत नाही. पहिलं वळण पार केलं. मास्तर खड्डे चुकवत होते, दातांवर दात होते.

"काका," मागून सिस्टर म्हणाल्या, "स्ट्रेचरखाली काय लोळतंय? पायाला सारखं लागतंय."

"काय आहे?"

"काठी आहे. झेंडा..." त्यांनी मान वळवून खाली पाहिलं. मग अगदी हळू म्हणाल्या, "काका, ही शेंडी आहे."

समोर काचेतून बंपर दिसत होता, आणि त्यावरचं रिकामं भोक. इतका वेळ ते डोळ्यांसमोरच होतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. नऊ वर्षं ज्या गोष्टीसाठी लोकांची डोकी खाल्ली, नेमकी तीच आज ते आत आडवी टाकून आले होते. आता खाणीत ते अदृश्य होते.

करण्यासारखी गोष्ट एकच होती. रेडिओवर सांगायचं, मी बिनशेंडीचा आहे, सगळं थांबवा. एका शब्दाने आख्खी खाण थांबते. पण असा शब्द उच्चारणाऱ्याला त्याचं कारण लिहून द्यावं लागतं, आणि हे कारण लिहून दिल्यावर मास्तरांचा खाणीत गाडी चालवायचा परवाना राहणार नव्हता. ते एक वेळ चालेल. पण ज्यांना ज्यांना त्यांनी शेंडीवरून झापलं होतं ते अकराच्या अकरा डंपरवाले रेडिओवर ऐकणार होते. खरं सांगायचं तर मास्तरांना तेव्हा मरणाइतकीच त्याचीही भीती वाटली. अजून सहाच वळणं, त्यांनी स्वतःला सांगितलं. कडेकडेने जाऊ. निघून जाऊ.

असं म्हणत त्यांनी एक वळण काढलं. त्या एका वळणाची लाज त्यांना पुढे कायम वाटली.

तिसऱ्या वळणापाशी भिंतीची माती घसरली होती. तिथे रस्ता अर्धाच उरला होता, एका वेळी एकच गाडी जाईल इतका. मास्तरांनी वेग कमी केला. धाकटा कण्हला. आणि सिस्टर किंचाळल्या.

"काका, मागे! मागे बघा!"

आरशात आकाश नव्हतं. पिवळा पत्रा होता, आणि त्यावर माणसाच्या उंचीचा चार हा आकडा. भरलेला डंपर त्यांच्या मागे चढत होता, संथ, निवांत, समोर काहीच नाही अशा थाटात. त्याच्या दृष्टीने समोर काही नव्हतंच. मास्तरांनी पाय दाबला. गाडी धुळीत पुढे उसळली, पण पुढे काय आहे ते दिसत नव्हतं. आकडा पुन्हा मोठा व्हायला लागला.

शेंडी तुटो की पारंबी! मास्तरांनी माइक ओढला.

"सगळं थांबवा! सगळे डंपर जागच्या जागी उभे करा! मी अँब्युलन्स. तिसऱ्या वळणावर, अर्ध्या रस्त्यात. माझ्या गाडीला शेंडी नाही. ऐकलंत? मला शेंडी नाही!"

क्षणभर रेडिओ नुसता खरखरला. मग मागचा पत्रा थांबला.

"चार थांबला," एक घाबरा आवाज आला. "मास्तर, कुठे आहात तुम्ही? मला समोर काहीच दिसत नाहीये."

"तुझ्या पुढ्यातच आहे. दहा हातांवर."

चार नंबरवाल्याने मोठ्याने श्वास सोडलेला सगळ्यांना ऐकू आला.

कंट्रोलवाल्या बाईने हजेरी घेतली. एक, थांबला. दोन, थांबला. तीन. चार. पाच. सहा. कुणीही टोमणा मारला नाही, कुणी हसलं नाही. सगळे शाळेतल्या पोरांसारखे आपापला आकडा सांगत होते.

"सात?"

कुणी बोललं नाही.

"सात नंबर, बोला. सात?"

ती पुढे गेली. आठ, नऊ, दहा, अकरा, सगळे थांबले. पुन्हा सात. पुन्हा तीच खरखर.

"दादा." मागून आवाज आला, इतका बारीक की आधी सिस्टरच बोलल्या असं त्यांना वाटलं. "दादा, सातचा रेडिओ माझ्याकडे आहे."

"काय?"

"सकाळी काढला मी. दुरुस्तीला. वर्कशॉपच्या टेबलावर आहे." धाकट्याला एकेका शब्दाला दम लागत होता. "तो म्हणाला, रेडिओ नाही तर मी गाडी नाही काढत. मी म्हटलं, जा रे, एका दिवसाने काय होतंय. मीच सांगितलं त्याला."

एका आईची दोन लेकरं, दोघांनी एकाच दिवशी एकेक गोष्ट गाडीवरून काढून ठेवली होती. मास्तरांना ओरडावंसं वाटलं, पण ओरडणार कोणत्या तोंडाने?

"कंट्रोल, सातला रेडिओ नाही," ते म्हणाले. "तो कुठे आहे?"

पलीकडे कागद फडफडले. "सुट्टीआधीच रिकामा झाला होता, आता निघालाय. वरून. चार मिनिटं झाली." मग ती बातम्यांची बाई रडवेली होऊन म्हणाली, "मास्तर, तो तुमच्याकडेच येतोय."

मागे चार नंबर, भरलेला. धुळीत वळणावरून उलटा उतरला तर दरीत जाईल. पुढे अर्धा रस्ता आणि त्या रस्त्याने येणारा, काहीही न ऐकणारा डंपर. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला मातीचा बांध आणि त्याखाली काही नाही.

"मास्तर, मी दिवे लावतो, त्याला दिसेल," चार नंबरवाला म्हणाला.

"नको! दिवे लावू नकोस!" मास्तर ओरडले. या खाणीत दिवे लावून उभा राहिलेला डंपर म्हणजे, मी वाट सोडून उभा आहे, तू ये, असा निरोप. सगळे तोच पाळत. चारचे दिवे पाहून सात उलट वेग वाढवून आत घुसला असता.

मास्तर खाली उतरले. मागचं दार उघडून त्यांनी शेंडीचे तुकडे ओढले. सिस्टर तशाच होत्या, जखमेवर वाकलेल्या, कोपरांपर्यंत लाल.

"सिस्टर, तुम्ही उतरा. बांधाच्या आडोशाला जा."

"हात काढला तर हा जाईल."

"आणि नाही काढला तर तुम्हीही जाल!"

"काका, माझे पाय कापतायत," सिस्टर म्हणाल्या. त्यांना रडू येत होतं. "मी शूर नाही. पण हात मोकळे नाहीत माझे. तुम्ही जा, काहीतरी करा."

धाकटा टक लावून छताकडे बघत होता. मास्तरांनी त्याच्या पायाला हात लावला. पाय गार होता.

त्यांनी दोन्ही तुकडे जोडले आणि बंपरकडे धावले. हजार वेळा केलेलं काम. पण बोटांनी बंड पुकारलं होतं. आटे वाकडे बसले, काठी फिरेना. पुन्हा काढली, पुन्हा वाकडी. आणि तेव्हा पायाखालची जमीन थरथरायला लागली. आधी तळव्यांना, मग पोटऱ्यांना जाणवलं.

मास्तरांनी काठी उपसली आणि मागच्या शिडीने छतावर चढले. छप्पन्न वर्षांचे होते ते, उंचीची भीती होती, घरातला दिवा बदलायलाही बायको स्टुलावर चढायची. छतावर उभे राहून त्यांनी शेंडी दोन्ही हातांनी डोक्यावर धरली आणि हलवायला सुरुवात केली. धूळ तोंडात जात होती. थरथर वाढत होती. समोर नुसतं करडं होतं, आणि त्या करड्यात कुठेतरी तो होता.

"अरे थांब!" मास्तर ओरडत होते. ऐकू जाणार नाही हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तरी ओरडत होते. "थांब रे बाबा, माझा भाऊ आहे आत! थांब!"

आधी आवाज मोठा झाला, मग धूळ पिवळी झाली, मग तिच्यातून जाळी बाहेर आली, घराच्या फाटकाएवढी. मास्तरांनी डोळे मिटले. शेंडी मात्र हलत राहिली, हात आता त्यांचं ऐकतच नव्हते. ब्रेकचा कर्कश आवाज झाला. गरम हवेचा झोत तोंडावर आला. आणि काठीचं टोक कशाला तरी टणकन लागलं.

त्यांनी डोळे उघडले. झेंडा डंपरच्या कठड्याला टेकला होता. वर काच खाली झाली आणि सात नंबरवाल्याने डोकं बाहेर काढलं.

"मास्तर?" तो म्हणाला. "तुम्ही वर काय करताय?"

मास्तरांनी नुसता हात हलवला, मागे, मागे. सात नंबरवाल्याने खाली वाकून पाहिलं, आणि अँब्युलन्सचं छत दिसताच त्याचा चेहरा पांढरा पडला. रिकामा डंपर चढावर मागे न्यायला दोन मिनिटं लागली. तेवढ्यात मास्तरांनी शेंडी बसवली. या वेळी आटे सरळ लागले. मग चार वळणं, दोन्ही बाजूंना थांबलेले डंपर आणि कठड्यांवर उभी राहिलेली माणसं. फाटकाची दांडी वरच होती. ते तिच्याखालून गेले आणि इस्पितळाच्या रस्त्याला लागले.

दुसऱ्या दिवशी दुपारी अँब्युलन्स परत आली. सिस्टर इस्पितळातच राहिल्या होत्या, गाडीत मास्तर एकटेच. फाटकवाल्याने लांबूनच ओळखलं आणि सवयीने दांडी वर केली.

गाडी दांडीच्या अलीकडे थांबली. मास्तरांनी इंजिन बंद केलं.

"खाली घे," ते म्हणाले.

"अं?"

"दांडी खाली घे. आणि भिंतीवरचा तो कागद काढून आण. साहेबांकडेच चाललोय परवाना ठेवायला, तोही घेऊन जातो."

फाटकवाला कागद घेऊन आला. तो ओशाळला होता. "मास्तर, काल मी बघायला हवं होतं. नुसती मान वर केली असती तरी..."

"मीच तुला बघू नको म्हणून सांगितलं होतं. आता बघ. सगळ्यांना विचारतोस तसं विचार."

फाटकवाल्याने दांडी खाली घेतली. गाडीला चक्कर मारून तो खिडकीपाशी आला. पूर्वी याच अर्ध्या मिनिटावरून मास्तरांनी टेबल हाणलं होतं. आज ते स्टिअरिंगवर हात ठेवून बसले होते.

"शेंडी?"

"आहे."

"दिवा?"

"आहे."

"रेडिओ?"

"आहे."

यादी संपली होती. फाटकवाल्याने दांडीला हात घातला, पण उचलली नाही. त्याने स्ट्रेचरच्या दिशेने एकदा पाहिलं.

"आणि धाकटा?"

मास्तरांचं काल तिसऱ्या वळणावर अडकलेलं रडू आत्ता वर येत होतं.

"आहे," ते म्हणाले. "आहे रे."

फाटकवाल्याने दांडी उचलली.